दिव्यांची काच

“अहो, टूथपेस्ट कुठंय?” कोरडा ब्रश हातात घेऊन मी शेडमध्ये डोकावले.

टूथपेस्ट माझ्या जुन्या मोज्यावर होती आणि मोजा गाडीच्या दिव्यावर फिरत होता.

“काच पिवळी पडलीय गं. हिनं लख्ख निघते.”

“आणि माझे दात?”

“ते कुठं अंधारात रस्ता दाखवणारेत?”

आयुष्यभर शाळेत कारकुनी केलेल्या या माणसानं आमची म्हातारी गाडी माझ्या घरातल्या सामानावर जगवली. बॅटरीवरचा पांढरा थर खाण्याच्या सोड्यानं जातो, दार कुरकुरलं की शिलाई मशीनचं तेल, ओरखडे माझ्या नेलपॉलिशनं बुजतात. गाडी मरून रंगाची, म्हणून माझी नखंही वर्षानुवर्षं मरूनच.

त्या संध्याकाळी लेक तान्ह्या बाळाला घेऊन येणार होती. स्टेशनवरून आणायला आजोबाच जाणार, हे बाळ जन्मायच्या आधीच ठरलेलं. पण आठवडाभर ह्यांचं एकच पालुपद होतं, दिव्यांचा उजेडच पडत नाही.

“शटर ओढ बघू.” ह्यांनी दिवे लावले. “छे! अजून धुरकटच.”

मी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथल्या पालीची बोटंसुद्धा मोजता येत होती.

“भिंतीवर काय दिसतंय तुम्हाला?”

“तो डाग? ओल आलीय.”

“ती ओल पळाली बघा आत्ता. शेपूट हलवत.”

हे हसले. मग हसू ओसरलं. दिवे बंद करून त्यांनी मोजा नीट घडी घालून खिशात ठेवला.

“म्हणजे काच माझीच खराब झालीय.”

“मोतीबिंदू असेल. उद्या डॉक्टरांना दाखवू.”

“आणि आज?”

गाडी मला ह्यांनीच शिकवली होती, पण बाजारापलीकडे मी ती कधी नेली नव्हती. शेजारून ‘क्लच, अगं क्लच!’ ऐकण्यापेक्षा चालत गेलेलं बरं.

संध्याकाळी किल्ली घेऊन शेडमध्ये गेले, तर हे आधीच शेजारच्या सीटवर बसलेले. माझ्या सीटच्या पाठीला सोफ्यावरची उशी सुतळीनं घट्ट बांधलेली. ती सीट पुढं सरकत नाही आणि माझे पाय पुरत नाहीत, हे त्यांच्या लक्षात होतं.

“टेकून बघ. पोचतो पाय?”

“पोचतो.”

“मग मी काही बोलणार नाही.”

आणि खरंच, स्टेशनपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. फक्त प्रत्येक वळणावर त्यांचा पाय समोरच्या रिकाम्या जागेत ब्रेक दाबत राहिला.