पावणेबारा ते बारा

लेकीच्या हृदयाची झडप बदलायची होती. दवाखाना दुसऱ्या शहरात, थांबायला एकालाच परवानगी, म्हणून जावई तिकडे आणि मी इकडे माझ्या शिवणाच्या दुकानात. ऑपरेशनच्या दिवशी आमच्या चर्चच्या मंडळीने प्रार्थनेची साखळी लावली होती. प्रत्येकाची पंधरा मिनिटं. आपली संपली की पुढच्याला फोन करून म्हणायचं, "मी सोडते, तुम्ही धरा." फोन आल्याशिवाय पुढच्याने सुरू करायचं नाही, हा पाळकांचा नियम. माझी वेळ पावणेबारा ते बारा. माझ्यानंतर बेकरीवाले काका.

मंडळीत मला प्रार्थनावाली म्हणतात. कुणाचं दुखलंखुपलं की माझ्याकडेच येतात. त्यांना काय ठाऊक, सहा महिने माझ्या तोंडून धड एक शब्द निघालेला नाही! लेकीचा आजार कळला तेव्हा पहिले पंधरा दिवस मी रडूनभेकून मागितलं, मग शब्दच आटले. कुणाला सांगितलं नाही. लाज वाटत होती, दुसरं काय.

पावणेबाराला आधीच्या बाईंचा फोन आला. मी मशीन बंद केलं, दार लोटलं, डोळे मिटले. 'हे प्रभू' म्हटलं आणि आठवलं, निळ्या पँटची लांबी बघायची राहिली. परत मिटले. आता कात्री कुठे ठेवली ते आठवेना. असं करता करता बारा वाजले. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. प्रार्थना केलीच नाही, तर सोडते कसं म्हणायचं? खोटं बोलले आणि तिकडे टेबलावर पोरीचं काही बरंवाईट झालं तर? साखळी माझ्यापाशीच तुटलेली असेल. म्हटलं, एक वाक्य जमू दे, मग लावते फोन. सव्वाबारा झाले, साडेबारा झाले. शेवटी निळी पँट ओढली आणि धावदोरा घालत बसले. तोही उसवावा लागला.

एक वाजून गेल्यावर बेकरीवाले काका दार ढकलून आत आले, कोपरापर्यंत पीठ. मला वाटलं, वाईट बातमी.

पण त्यांनी आधी झापलंच. बारापासून फोन पुढ्यात घेऊन बसलेत, भट्टीतले पाव करपले, आणि त्यांच्या मागच्या चौघांनी विचारून विचारून जीव खाल्लाय.

मी सांगून टाकलं. "काका, माझ्याच्याने होत नाही. एक शब्दसुद्धा म्हटला नाही मी. आजच नाही, सहा महिने नाही."

ते स्टुलावर टेकले. जरा वेळ पीठ झटकत राहिले.

"मग मी तरी तासभर काय केलं? नियम म्हणून सुरुवात केली नाही. नुसतं घोकत होतो, प्रभू, हिचा फोन येऊ दे, हिला काही झालेलं नसू दे. मागचे चौघेही तेच म्हणत असणार." मग चिडूनच म्हणाले, "आणि तू? जागेवरून उठलीस का?"

उठले नव्हते. पाय बधिर झाले होते, पण उठले नव्हते.

तेवढ्यात फोन वाजला. जावई होता. उचलायचा धीर होईना.

"प्रभू, माझी पोर," एवढंच तोंडातून निघालं, तेही मोठ्याने, काकांच्या देखत.

जावई म्हणाला, ती अजून आतच आहे, आणखी दोन तास लागतील म्हणतायत.

मी फोन ठेवला. काकांकडे वळले.

"आता तुम्ही धरा," मी म्हटलं. "पण मी सोडत नाहीये."