फितीच्या आत

मित्रांनो, मी एक जुनी लाल फीत आहे. कचेरीतली कामं वर्षानुवर्षं अडवून धरते ती लालफीत वेगळी. तिचं माझं नातंगोतं नाही. अडवते मीही, पण भल्यासाठी.

दुकानात मी रिळावर ऐटीत बसून होते. आपल्याला एखाद्या सुंदर भेटवस्तूवर बांधतील, असं माझं स्वप्न. पण मला विकत घेतलं एका मावशीने. ती आणि काका गुहांचे नकाशे काढतात. त्यांनी मला थेट अंधारात नेलं आणि वाटेच्या कडेने दगडांना बांधलं. मी फार रुसले. मग दिव्याच्या उजेडात पलीकडे पाहिलं. थेंबाथेंबाने वाढलेल्या पांढऱ्या दगडी सुया, काडीहून बारीक! बोट लागलं तरी तुटतील अशा. माझा रुसवा तिथेच पळाला.

"फितीच्या आत!" मावशी प्रत्येकाला बजावायची. त्यामुळे सुया वाचायच्या आणि परतीची वाटही सापडायची. सगळे माझं कौतुक करत. पुढे मी चिखलाने मळले आणि माझ्याकडे कोणी बघेनासं झालं.

एकदा मावशीने भाचीला आणलं. दोघींची हेल्मेटं, जादा दिवे, सगळं तपासलं. ठरल्या वेळी परतलो नाही तर आत या, असं बाहेर थांबलेल्या काकांना सांगितलं. भाचीला म्हणाली, "माझ्या मागोमाग ये. आणि कचरा दिसला की उचलायचा." घाईत माझं नाव घ्यायचं मात्र राहून गेलं. भाची भारीच आज्ञाधारक. मावशी पुढे चालत होती, आणि मागच्या मागे भाचीने मला सोडवून पिशवीत कोंबलं!

परतताना दोन फाटे आले. मावशीने दिवा फिरवला. फीत कुठेच नव्हती.

"लाल, मळकी... तो कचरा नव्हता?" भाची रडवेली झाली.

पिशवीत माझा जीव कासावीस झाला. मला वाट ठाऊक होती, पण तोंड कुठे होतं?

"मी डावीकडे बघून येते," भाची निघाली.

मावशीने तिचा हात धरला. "बस खाली. तिकडे सुया असल्या तर बुटाखाली चुरा होईल, आणि तू हरवलीस तर तुझ्या आईला काय सांगू? वाट चुकली की बसून राहायचं. काका येतील."

एक दिवा विझवून दोघी बिलगून बसल्या. बऱ्याच वेळाने काकांची हाक आली. ते नकाशा घेऊन पोचले, तेव्हा भाचीने गुपचूप माझं भेंडोळं पुढे केलं.

"वा! एवढी स्वच्छ गुहा मी जन्मात पाहिली नव्हती," काका म्हणाले.

"चूक माझी. सांगायला हवं होतं," मावशी म्हणाली.

काकांनी डाव्या फाट्यात उजेड टाकला. थोड्याच अंतरावर सुयांचं रान पसरलं होतं. भाची बघतच राहिली. मग तिने मला स्वतःच्या हाताने पुन्हा बांधलं.

मित्रांनो, गुहेत एकटे जाऊ नका, घरी सांगितल्याशिवाय तर नकोच. आणि मी दिसले, तर कितीही मळकी असले तरी तिथेच राहू द्या. मला भेटवस्तूवर बांधून घ्यायचं होतं ना? तशीच बांधलेली आहे मी. फक्त ही भेट फोडायची नसते.