दोघांपुरता बाक
“अहो, घाबरताय काय एवढे? ते यंत्र चावत नाही! तुम्ही बोलायचं, ते तसं चित्र काढून दाखवतं!” बाई बिचकणाऱ्या शेजाऱ्याला सांगत होत्या.

बसमधल्या नोकरीतून निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी गल्लीत त्या कंडक्टरबाईच होत्या. गल्लीत काय काय हवं यावर लोकांची मतं घ्यायला नगरपालिकेनं कोपऱ्यावरच्या मांडवात एआयचा पडदा लावला होता. कुणी म्हणालं, झाड हवं, की गल्लीच्या फोटोत झाड उभं! बाईंनी घर आणि न्हाव्याचं दुकान यांच्या मधोमध बाक मागितला. तो उमटताच त्यांनी टाळ्याच पिटल्या.

पण घोडं पेंड खात होतं ते पुढे. “आजी, एका माणसाचं मत एकदाच धरतात. तुम्ही पाचव्यांदा आलात,” पडदा सांभाळणारी इंजिनीअर पोरगी हसत म्हणाली. “आजोबांचं त्यांनाच सांगू द्या. आज शेवटचा दिवस आहे.”

आजोबा, म्हणजे बाईंचे यजमान, अर्धांगवायू झाल्यापासून घराबाहेर पडले नव्हते. चार पावलांवर दम लागायचा आणि वाटेत टेकायला जागा नव्हती. बाक झाला नाही, तर ते उरलेलं आयुष्य खिडकीतच काढणार, ही बाईंची धास्ती होती.

“चला!” घरी येऊन बाईंनी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली. आजोबा काठी टेकत चालले. थकले की मागून खुर्ची हजर. “पुढचा स्टॉप न्हावी! उतरणारे सावकाश!” बाई ओरडल्या. न्हावी वस्तरा हातात घेऊनच दारात आला. आजोबांना हसू आवरेना.

मांडवात खुर्ची पडद्यासमोर लागली. त्यांची जीभ जड. यंत्राला पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. बाईंच्या ओठांवर शब्द आले होते. पोरीनं हातानंच थांबवलं.

“बाक... हवा,” ते तिसऱ्यांदा म्हणाले.

पडद्यावर बाक आला. बाईंचा जीव भांड्यात पडला.

आजोबांनी मान हलवली. “लहान झाला. दोघांचा... कर.”

“दोघांचा का हवा?” यंत्रानं विचारलं.

“ही उभीच असते. नोकरीभर... उभी. आता माझ्यामागं... उभी.”

पडद्यावरचा बाक लांब झाला. अख्खी बस एका हाकेत गप्प करणाऱ्या बाईंनी आजोबांच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला. पोरीनं आपलं स्टूल बाईंकडे सरकवलं.

“बसा ना, आजी.”

“बसते,” बाई म्हणाल्या, आणि खुर्चीची पाठ धरून तशाच उभ्या राहिल्या.