घाटातली हाक

आमच्याकडं कोनी वाटेत मेलं, तं त्याले तिथून घरी आनावं लागते. बायकोनं जायचं, हाक मारायची, गाडीत एक जागा रिकामी ठेवायची आन् घराचा उंबरा येईपर्यंत मांगं वळून पायचं नाई. नाई आनलं, तं मानूस तिथंच भटकत रायते. माह्या मालकाले मी भटकू देनार होती का? जित्तेपनी न सांगता बाहेर जेवू नाई देल्लं त्याईले!

म्हनून दिराले, योगेशले, गाडी काढाले लावली. अंजनगावहून परतवाडा, मंग चिखलदऱ्याचा घाट. रस्ता कसा, तं एका अंगानं डोंगर, दुसऱ्या अंगानं दरी, आन् समोरून येष्टी आली का पोट आत घ्या. सागाची पानं धुवून निंगालेली. खाली दरीत ढगं अशे, का कापूस फुटला. फिराले आलेले पोट्टे फोटो काढून राहिले होते. मले असा राग आला! माहा मानूस इथं गेला, आन् तुमी दात काढून राहिले?

भाजीचा पिकअप ज्या वळनावरून खाली गेला, तिथं योगेशनं गाडी थांबवली. पिकअपमंदी दोघंच होते. माहे मालक, आन् गाडी चालवनारा परतवाड्याचा कुलदीप. दोघंही वाचले नाई.

"वहिनी, मारा हाक," योगेश म्हने.

मी दरीकडं तोंड केलं. "अवो! चला घरी! लय झालं आता!" नवऱ्याचं नाव कोन घेते? मी तं लग्नात उखान्यालेही लाजून पयाली होती.

योगेशनं मांगचा दरवाजा उघडून लावला. शीट दबल्याचा आवाज आला. माहे डोये भरले. आले बाप्पा, म्हटलं.

घाट उतरता उतरता बिडीचा वास आला. माहे मालक माळकरी! चहाबिगर दुसरं व्यसन नाई.

"योगेश, बिडी ओढून राहिला का रे?"

"नाई वहिनी."

मांगून खोकला आला. जवान मानसाचा. मांगं तं पायता येत नव्हतं. हा कुलदीप होता. मंग माहे मालक कुठं गेले?

कुलदीपची बायको चंदा माह्या आंधीच घाटात जाऊन आली होती, हे मले मालूम होतं. "गाडी चंदाच्या दारात घे," मी म्हटलं.

चंदा उंबऱ्यातच बसली होती. मले पायताच रडाले लागली. "बाई, त्याईले आनलं तवापासून घरात हरिपाठ चालते. टाया वाजतेत. आमच्या यायनं देवाले कधी हात जोडला नाई! मले भेव लागते."

"तू हाक कशी मारली व?"

"कशी म्हंजे? नाव घेऊ का त्याईचं? अवो म्हटलं."

मी कपाळ बडवून घेतलं. एकीले झाकावं आन् दुसरीले काढावं, अशा आमी दोघी!

आत देवापुढं टाया वाजत होत्या. त्याईच्याच, धीम्या. मी लाज सोडली. "शेषराव!" जीभ जड झाली. "शेषराव, मी आशा. चला घरी."

टाया चालूच.

पुन्हा हाक मारली. मंग वरडली. काईच नाई. तवा मले उमगलं. उभ्या जल्मात माह्या तोंडून त्याईनं आपलं नाव ऐकलंच नव्हतं. कोनी परकी बाई वरडून राहिली, असंच वाटलं असन त्याईले. माहा जीव तुटला. मी दाराले टेकून रडली, आन् रडता रडता तोंडातून निंगालं, "अवो..."

आतल्या टाया थांबल्या. आन् माह्या मांगं, रस्त्यावर, गाडीचा दरवाजा उघडला.