शेंगदाण्याची खटाई

मेहनाजनं ओव्हनच्या काचेला जवळजवळ नाकच लावलं. आतल्या पिवळ्या उजेडात खटायांना मधोमध भेगा पडायला लागल्या होत्या.

"अम्मी, लवकर या. फुटल्या."

"काय फुटलं गं?" अजीजाबी हातातलं सूप तसंच घेऊन धावत आल्या.

"खटाया. अब्बांच्या फुटायच्या, अगदी तशा."

दोघी सासू-सुना काचेसमोर उकिडव्या बसल्या.

मेहनाजच्या सासऱ्यांनी, रसूलमियांनी, सगळी उमर उमरग्याच्या एका बेकरीत, भट्टीसमोर काढली होती. त्यांच्या नानखटाईसाठी हैदराबादकडे जाणारे ट्रकवाले मुद्दाम थांबायचे. मधुमेह निघाला, तेव्हा डॉक्टरांनी साखर आणि डालडा दोन्ही तोडायला सांगितलं.  तेव्हापासून जेवण झालं की ते नुसते भिंतीकडे बघत बसायचे. एवढं पथ्य पाळूनही तपासणीत साखर चढलेलीच यायची. डॉक्टर गोळी वाढवायचे, मेहनाज ताटातला भात कमी करायची.

मग तिनं खटाईच बदलायचं मनावर घेतलं. औषधाच्या दुकानातली बिनसाखरेची गोड पूड घातली, तर खटाया पांढऱ्याफटक राहिल्या आणि जिभेवर कडवट लागल्या. डालड्याऐवजी दही घातलं, तर त्या शेळीलाही चावेनात. या खेपेला तिनं भाजलेले शेंगदाणे तेल सुटेपर्यंत मिक्सरमधून काढले होते. त्यात ज्वारीचं पीठ, थोडी कणीक आणि गोडीपुरता वाटलेला खजूर. रोज एक चालेल, तीही लहान, आणि जेवणात अर्धी भाकरी कमी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

खटाया निवत होत्या, तेवढ्यात रसूलमियां सकाळची फेरी मारून आले. मेहनाजनं बशी पुढं केली. 

त्यांनी खटाई उलटी करून बूड पाहिलं. कानाजवळ नेऊन मोडली. मग डोळे मिटून सावकाश चावत राहिले.

"ही नानखटाई न्हाय," ते म्हणाले.

मेहनाजनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"साखर न्हाय, डालडा न्हाय. नानखटाई कशी व्हईल?" तळहातावरचा चुरा त्यांनी तोंडात टाकला. "पण लई खमंग झालीय. पुढच्या वेळी शेंगदाणे आणखी जरा भाज. आन् खजूर कमी केलास तरी चालंल."

"उद्याच करते, अब्बा." तिला हसू आवरेना. खजूर कमी करूनही चालणार होतं. कणीकसुद्धा कमी करून बघता येईल. तिचं मन पुन्हा पिठाच्या डब्याकडे धावलं.

रसूलमियां मात्र जागेवरून हलले नाहीत.  त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि बेकरीच्या तेलकट कागदाची एक पुडी काढून बशीशेजारी ठेवली.

अजीजाबींनी पुडीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. 

"शेजारच्या लेकरांना वाटून टाका," खाली मान घालून ते म्हणाले आणि हात धुवायला मोरीकडं गेले.

मेहनाजनं पुडी उचलली. ती अजून गरम होती.