पाच घरं, दोन हुकूम

"चाचा, पुन्हा एक वजन सुटलं!" उर्वशी रडवेली झाली होती.

नजीरचाचांनी हातातलं कापड ठेवलं. पुसदच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळण्याचं त्यांचं हे एकोणिसावं वर्ष. शिक्षण नववी, पण तास चालू असला की मागे उभं राहून सगळं ऐकायचे.

२००६ साल होतं. उर्वशीचे वडील, खेमसिंग, फुलसावंगीहून कापूस घेऊन खरेदी केंद्रावर दोन-दोन दिवस रांगेत थांबत. काट्यावर दिसलेलं वजन चिठ्ठीवर मात्र कमी भरे. म्हणून तिने शेवटच्या वर्षाला हाच प्रकल्प घेतला : काट्यातली चिपच वजन गुप्त लिपीत घालून संगणकाकडे पाठवेल, मधे कुणी बदलू शकणार नाही. पण चिप मंद होती. एक वजन गुप्त होईस्तोवर पुढचं निघून जाई. आणि परीक्षा दोन तासांवर आली होती.

"टाइम कुठं जाऊन राह्यला?" चाचांनी विचारलं.

"फिरवण्यात. लिपीसाठी वजनाचे आठ बिट, आठ शून्य-एक, पाच घरं फिरवा लागते. एका टोकातून निंगाला का दुसऱ्या टोकातून आत. चिप एका हुकमात एकच घर फिरवते. हरवेळी पाच हुकूम!"

चाचा भिंतीवरचा चिपच्या हुकमांचा तक्ता बघत राहिले. "मंग हा स्वॅपचा हुकूम काहून नाही वापरत?"

"ते तं दोन आकडे अदलाबदल कराले असते."

"चार बिट इकडचे तिकडं, चार तिकडचे इकडं. म्हंजे चार घरं फिरलेच ना, बेटा? एका हुकमात. मंग एक घर आणखी फिरव."

उर्वशीने दोन्ही हातांची चार-चार बोटं समोर धरली, हात एकमेकांवरून पलीकडे नेले, आणि मोठ्याने हसली.

तिने हुकूम बदलले. तासाभरात पन्नास वजनं संगणकाकडे गेली. एकही सुटलं नाही. तिने चाचांचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले.

नागपूरहून आलेल्या परीक्षकांनी तिच्या हुकमांचा कागद दोनदा वाचला. "पाचाऐवजी दोनच हुकूम! कुणी सुचवलं?"

"नजीरचाचांनी, सर."

चाचा चहा घेऊन आत येत होते. परीक्षक उठले, ट्रे स्वतः टेबलावर ठेवला आणि त्यांच्या हाती खडू दिला. "जरा समजावून सांगता?"

चाचांनी आठ चौकोन काढले. पहिले तीन वाकडे आले. पुढचे सरळ आले, आणि चार-चार घरं बाणांनी अदलाबदल करत ते सांगू लागले.

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं, ते चौकोन आपल्या वहीत उतरवून घेतले आणि विचारलं, "बरं, पुढे?"