काचेतली निम्मी पातळी

गॅसच्या कॉम्प्रेसरवर सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला दाब म्हणजे काय ते शिकवायला बाई यावी, यापरता अपमान कानसेनांना सुचत नव्हता. कानसेन हे त्यांचं कारखान्यातलं नाव. स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून निदान सांगायचं, ही त्यांची ख्याती. निदान चुकलं तर यंत्र खोटं बोललं, असं ते म्हणत. यंत्राने कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी मात्र दिलं. खाडकन आवाज झाला, आतल्या व्हॉल्व्हचे तुकडे झाले आणि पिस्टनचा दांडा वाकला. कानसेनांनी तासाभरात रिपोर्ट लिहून टाकला: फिटरने व्हॉल्व्ह नीट बसवला नाही. हा फिटर म्हणजे त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो तेव्हापासून निलंबित होता. आज चार वाजता चौकशीची शेवटची बैठक होती आणि त्याची नोकरी जाणार हे सगळे धरून चालले होते. घरात बायको दोन महिने 'जेवण वाढलंय' याखेरीज एक शब्द बोलली नव्हती. कानसेनांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. पाना फिरवणाऱ्याची जात ती, आज ना उद्या माती खाणारच. मेहुणा म्हणून काय डोक्यावर घ्यायचं?

त्याच मोडतोडीनंतर मॅनेजरसाहेबांनी सगळ्या ऑपरेटरांना उजळणीचा वर्ग लावला होता. शेवटी परीक्षा, आणि पेपर चौकशीच्या कागदांना जोडणार. आज सकाळी कानसेन मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. वही आणली नव्हती. बाई तिशीतल्या, आवाज बारीक. त्यांनी बिनसुईची सिरिंज काढली, तिच्या तोंडावर बोट दाबलं आणि दांडा ढकलला. आत हवा होती तेव्हा दांडा निम्मा आत गेला. पाणी भरल्यावर तो तसूभरही हलेना.

"गॅस दाबला जातो, पाणी दाबलं जात नाही," बाई म्हणाल्या. "सिलिंडरमध्ये पाणी शिरलं की पिस्टनला जायला जागा उरत नाही. मग काहीतरी तुटतंच."

"वा!" कानसेन अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा बेताने शेजाऱ्याच्या कानात कुजबुजले. "आता सूर्य कुठे उगवतो तेही सांगतील."

बाईंनी ऐकलं असेल तर दाखवलं नाही. "म्हणून यंत्राच्या आधी टाकी असते. गॅसबरोबर आलेलं पाणी तिथे साठतं, बाजूच्या काचेच्या नळीत त्याची पातळी दिसते, वाढली की सोडून द्यायचं. आता सांगा, काचेतली पातळी महिनोन्महिने एकाच जागी असेल तर काय समजायचं?"

"ऑपरेटर चांगला आहे असं समजायचं," कानसेन बसल्या जागेवरून म्हणाले. "माझ्या शिफ्टला आठ महिने पातळी निम्म्यावर होती. रेषभर इकडची तिकडे नाही. रजिस्टर काढून बघा."

बाई हसल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्या हसल्या नाहीत.

"काका, गॅसबरोबर पाणी येतच राहतं. मग पातळी हलायलाच हवी. हलत नाही म्हणजे नळीची तोंडं गाळाने तुंबलीत आणि आत जुनंच पाणी अडकलंय. टाकी गळ्यापर्यंत भरली तरी काच निम्मीच दाखवणार. म्हणून दर शिफ्टला काचेतलं पाणी सोडायचं आणि ते पुन्हा चढतं का ते बघायचं."

कानसेनांची हाताची घडी सुटली. टाकी भरली, पाणी सिलिंडरमध्ये गेलं, पिस्टनला जागा उरली नाही. अडाण्यालाही उलगडावं इतकं ते सरळ होतं. आणि त्यांना आठवलं, मोडतोडीच्या आठवडाभर आधी मेहुणा हात पुसत जवळ आला होता. "भाऊजी, ती काच एकदा साफ करून बघू का? पाणी हलतच नाही." त्यावर त्यांनी चार माणसांसमोर त्याला सुनावलं होतं, "तू पाना फिरव. काचेचं मी बघतो." चार माणसं हसली होती. कान लावून यंत्राचं पोट ओळखणाऱ्याला समोर उभ्या माणसाचं बोलणं तेवढं ऐकू आलं नव्हतं.

दुपारी पेपर हातात आला. सातवा प्रश्न तोच. चुकीचं उत्तर लिहिलं तर रिपोर्ट शाबूत राहत होता. बरोबर लिहिलं तर मान आपलीच अडकत होती. कानसेनांनी पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मेहुण्याची दया आली म्हणावं तर तसंही नाही. कालच्या भरतीतली पोरं जे बरोबर लिहिणार ते आपण चुकवायचं, हे त्यांच्याच्याने होईना. आयुष्यभर ज्या घमेंडीने लोकांना तुच्छ लेखलं, तिनेच त्यांचा हात धरून उत्तर लिहवून घेतलं, तेही ठळक अक्षरात.

चार वाजता मॅनेजरांनी टेबलावर दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या. सातव्या प्रश्नापाशी उघडलेला पेपर आणि रजिस्टर. रजिस्टरात आठ महिने एकाच हाताने लिहिलेलं: पातळी निम्मी, पातळी निम्मी, पातळी निम्मी. समोरच्या खुर्चीवर मेहुणा इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. तो भाऊजींकडे बघत नव्हता.

"उत्तर अगदी बरोबर आहे," मॅनेजर म्हणाले. "हे तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

पहिल्यापासून म्हणावं, तर जाणूनबुजून मेहुण्याचा गळा कापला. आता कळलं म्हणावं, तर सव्वीस वर्षांची ख्याती गटारात. कानसेनांनी मेहुण्याच्या हातांकडे पाहिलं. दोन महिने पान्याला न लागलेले ते हात परक्याच्या हातांसारखे स्वच्छ होते.

"आज सकाळपासून," ते पुटपुटले.

"मोठ्याने बोला. लिहून घ्यायचंय."

मेहुण्याने आता मान वर केली. कानसेन घसा खाकरून म्हणाले, "आज सकाळी वर्गात कळलं. त्याआधी मला ठाऊक नव्हतं. याला होतं."